रामटेके काका आणि रिकामे डबे

रामटेके काकांकडे पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक सूचना देते. त्यांनी 'चहा की कॉफी' असं विचारलं, तर काय हवं ते स्पष्ट सांगा. मराठी माणसाच्या सवयीने 'काहीही चालेल' म्हणालात, तर काहीही मिळणार नाही.

हे मी अनुभवाने सांगते. प्लेनोला घर घेतल्यावर मी आणि माझा नवरा निखिल रस्त्याच्या टोकाला राहणाऱ्या या एकमेव मराठी शेजाऱ्यांकडे ओळख करून घ्यायला गेलो होतो. काकांनी दार उघडलं, बसवलं, आणि विचारलं. आम्ही दोघांनी एका सुरात सांगितलं, "काहीही चालेल काका." काका समोरच्या खुर्चीत बसले आणि नागपूरच्या उन्हाळ्यावर बोलू लागले. टेक्ससचा जुलै, बाहेर अंगाची लाही, आणि आमच्या डोळ्यांसमोर स्वच्छ पुसलेली किटली. तासाभराने आम्ही कोरड्या घशाने उठलो. तेव्हा ते दारात म्हणाले, "तुम्ही उत्तरच दिलं नाही ना. मी वाट पाहून राहिलो होतो."

स्वतः मात्र आमच्याकडे आले की न विचारता सांगायचे, "चहा. पाऊण कप. साखर अर्धा चमचा, आलं नको." इतकं काटेकोर सांगणारा पाहुणा सोयीचा असतो असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिला आठवडाभर वाटलं होतं.

काका कॉम्प्युटर सायन्सवाले. पण निखिलसारखे नव्हेत. निखिलला विचारलं काय करतोस, तर तो 'बँकेचं सॉफ्टवेअर' असं सांगून मोकळा होतो. काकांना तेच विचारलं तर ते खिशातून पेन काढतात आणि कागद शोधतात. नागपूरहून शिकायला आले, पीएच.डी. केली, आणि मग निवृत्त होईपर्यंत एकाच गोष्टीवर काम केलं. त्या गोष्टीचं नाव युनिफिकेशन. मला ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की आता मीही सांगू शकते. समजा दोन वाक्यं आहेत आणि दोन्हींमध्ये काही जागा मोकळ्या आहेत. त्या जागांत काय भरलं म्हणजे दोन्ही वाक्यं हुबेहूब सारखी होतील, हे कॉम्प्युटरने शोधायचं. एक म्हणतो खिचडीत तांदूळ आणि 'काहीतरी'. दुसरा म्हणतो खिचडीत 'काहीतरी' आणि मूग. पहिल्याच्या मोकळ्या जागेत मूग घाला, दुसऱ्याच्या जागेत तांदूळ घाला, झाली दोघांची एकच खिचडी. पण एक खिचडी म्हणाला आणि दुसरा उपमा, तर आत डोकवायचंच नाही. मूळ नावच वेगळं, विषय संपला.

एवढ्यावर माणसाचं सगळं आयुष्य कसं निघतं, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. ती चूक मी पुन्हा केली नाही.

तुमचा-आमचा धंदा ऑफिसात राहतो. काकांचा त्यांच्याबरोबर घरी येतो, आणि मग आमच्या घरी येतो. त्यांचा एक नियम आहे, 'लागेल तेवढंच बांधा'. म्हणजे दोन गोष्टी जुळवताना गरजेपेक्षा जास्त काही आधीच ठरवून टाकायचं नाही. पुढे दुसरं काही जुळवायचं असेल तर जागा मोकळी असलेली बरी. कागदावर छान आहे. पण "या वीकेंडला येतो" एवढंच सांगून काका फोन ठेवतात. शनिवार की रविवार, सकाळी की संध्याकाळी, हे सांगायची त्यांना गरज वाटत नाही. मग मी शुक्रवारी रात्री भाजी जास्त करते आणि रविवारी रात्री ती टाकून देते.

दुसरा नियम त्याहून त्रासाचा. कुठलीही मोकळी जागा स्वतःच्याच पोटात असता कामा नये. निखिल म्हणाला होता, की गॅरेज आवरलं की गेस्ट रूममधलं सामान तिथे हलवू, आणि गेस्ट रूम मोकळी झाली की गॅरेजमधल्या वस्तू तात्पुरत्या तिथे ठेवून गॅरेज आवरू. मी मान डोलावत होते. काका सोफ्यावरून म्हणाले, "ऑकर्स चेक." म्हणजे यात तेच त्याच्या आत आहे, हे कधी संपायचं नाही. बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. ही तपासणी वेळखाऊ असते, तेव्हा प्रोग्रॅममधून काढून टाक असं त्यांना पूर्वी एका मॅनेजरने सांगितलं होतं. काकांनी तपासणी ठेवली आणि मॅनेजर सोडला. हा किस्सा ते अजून ताज्या समाधानाने सांगतात.

पण कळस झाला तो इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. जेवणाला कोण काय आणणार हे जुळवायचं काम कोणीतरी प्रेमाने काकांना दिलं. ग्रुपवर विचारल्यावर बहुतेक बायकांनी लिहिलं, 'काहीही आणते'. आता याचा अर्थ 'जरा आग्रह करा, मग सांगते' असा असतो, हे कुठल्याही मराठी माणसाला कळतं. काकांचं म्हणणं पडलं, की सगळ्यांनी एकच शब्द लिहिला, म्हणजे ती एकच मोकळी जागा. एका ठिकाणी जे भरलं तेच सगळीकडे भरायला पाहिजे. पहिल्या बाईंनी फोनवर मसालेभात कबूल केला होता. झालं. त्या वर्षी आम्ही मसालेभाताशी मसालेभात खाल्ला. नैवेद्याच्या ताटातही मसालेभाताच्या दोन मुदी होत्या. लोक माझ्याकडे बघत होते, कारण काका माझे शेजारी.

मी तणतणत गेले तर काका शांतपणे म्हणाले, "अनघा, ज्याला काही पाहिजे असते त्याने मोकळं आहे म्हणून सांगू नये. दुसरा ते खरं मानतो ना."

ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

मग माझी आई आली. बाबा गेल्यावर ती सांगलीला एकटीच राहायची. सहा महिन्यांसाठी येते म्हणाली. आम्ही मनात धरलं होतं की आता तिला परत पाठवायचं नाही. ग्रीन कार्ड करू, इथेच ठेवून घेऊ. आईची आणि काकांची गाठ तळ्याभोवतीच्या पायवाटेवर पडली. उन्हं चढायच्या आत दोघं चालायची, मग आमच्या मागच्या ओट्यावर चहा. माझ्या आईला कोणी काही समजावून सांगितलं तर ती मनापासून ऐकते. काकांना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. विमलकाकू, म्हणजे काकांची बायको, आम्ही इथे येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगी प्रज्ञा ओहायोत डब्लिनला असते, आणि ती फोनवर "बाबा, नॉट अगेन" म्हणते.

काकांनी आईला युनिफिकेशन शिकवायला माझ्या स्वयंपाकघरातले डबे घेतले. रिकामा डबा म्हणजे मोकळी जागा, भरलेला म्हणजे पक्की गोष्ट. डब्यांवर टेपच्या चिठ्ठ्या लावल्या. ज्या डब्यांवर सारखी चिठ्ठी, त्या सगळ्यांत एकच माल. दोघांचा तास रंगला. संध्याकाळी मी रव्याचा डबा उघडला, त्यात साखर. पोह्यांच्या डब्यात साखर. मिठाच्या बरणीतसुद्धा साखर, आणि ती कळली आमटीत. रवा शेवटी वॉशिंग मशीनवर सापडला. आई हसत होती. मी तिला इतकं हसताना बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं, पण तेव्हा माझ्यासमोर खारट व्हायची ती आमटी गोड झालेली होती, त्यामुळे मला त्याचं कौतुक सुचलं नाही.

आणखी एक. काका रोज सांगायचे 'आलं नको', आणि आई रोज आलं घालायची. "आल्याशिवाय कसला चहा," म्हणायची. ज्या माणसाने ऑकर्स चेकसाठी नोकरी सोडली तो माणूस कप हातात घेऊन मुकाट्याने प्यायचा. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

सहा महिने संपत आले. आईचं परतीचं तिकीट कॅन्सल करायचं आणि सांगलीच्या फ्लॅटला भाडेकरू बघायचा, असं आम्ही ठरवलं होतं. निखिलच्या मित्राचं एक ओळखीचं कुटुंब तयारही होतं. रविवारी दुपारी मी पुरणपोळ्या केल्या आणि काकांना बोलावलं. त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं, कारण त्यांचा चहा कायमचा पक्का होत होता.

पोळी वाढता वाढता निखिल म्हणाला, "मग आई, आज तिकीट कॅन्सल करून टाकू ना?"

आई म्हणाली, "करा की. माझं काय, तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "आमचं काही नाही गं. तुला बरं वाटेल तसं."

निखिलने फोन उचलला. काकांनी चमचा खाली ठेवला.

"थांब जरा," ते म्हणाले. "यात उत्तर कुठे आलं?"

मी मनात म्हटलं, आता नको. पण ते सुरू झाले होते. त्यांनी तुपाची वाटी संपवून बाजूला ठेवली, तिच्याशेजारी दुधाची रिकामी वाटी ठेवली. ताई म्हणतात अनघा म्हणेल तसं. अनघा म्हणते ताईंना वाटेल तसं. दोन मोकळ्या जागा एकमेकींना बांधल्या. बांधल्या खऱ्या, पण आत काही आलं का? दोन्ही वाट्या रिकाम्याच. जुळल्यासारखं दिसून राहिलं, ठरलेलं काहीच नाही.

माझा संयम संपला. सहा वर्षांचा सगळा कोरडा घसा, सगळा मसालेभात, सगळी साखर एकदम वर आली. मी म्हटलं, "काका, ही तुमची कागदावरची वाक्यं नाहीत. ही माझी आई आहे. आमच्या घरातलं आमचं आम्ही बघू."

काका वाट्यांकडे बघत राहिले. मला वाटलं उठून जातील, आणि खरं सांगायचं तर गेले असते तर बरं झालं असतं असंही वाटलं.

मग ते बोलायला लागले, पण आवाज पेन काढल्यावरचा नव्हता. म्हणाले, लग्न झाल्यावर विमल या देशात आली, त्याच्या पहिल्या सकाळी त्यांनी तिला विचारलं, चहा की कॉफी. ती म्हणाली, काहीही चालेल. काकांना स्वतःला तेव्हा कॉफीच करता येत होती. त्यांनी कॉफी केली. तिने घेतली. मग ते रोज तिच्याआधी उठून कॉफी करू लागले. तिला हातात नेऊन द्यायचे. घरं बदलली, गावं बदलली, कुठे जायचं हेही तिला विचारून ठरवलं, आणि ती दरवेळी तेच म्हणाली. कामठीची शाळा सोडून आली होती, तिथे गणित शिकवायची. पुन्हा शिकवायचं का, असंही त्यांनी एकदा विचारलं होतं. काहीही चालेल, म्हणाली. त्यांनी ते खरं मानलं.

"ती गेल्यावर प्रज्ञा स्वयंपाकघर आवरून राहिली होती," काका म्हणाले. "कॉफीचा डबा हातात घेऊन मला म्हणते, बाबा, शी हेटेड कॉफी. यू नेव्हर न्यू?"

निखिलने फोन केव्हाच खाली ठेवला होता.

"मी युनिफिकेशन शिकवत होतो, अनघा. त्यात दोन्ही बाजू बदलतात. एकच बाजू बदलत असेल तर त्याला आम्ही मॅचिंग म्हणतो. ते सोपं असते. फार लवकर होते. माझ्या घरी जन्मभर मॅचिंग झालं. आणि मला वाटे की आमचं किती जुळते."

मग ते आईकडे वळले. "ताई, चालेल ते सांगू नका. पाहिजे ते सांगा."

आईने पदराने हात पुसले. हात कोरडेच होते. मला खात्री होती की ती म्हणेल, अहो खरंच काहीही चालेल. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला घरी जायचंय."

मी काही बोलायच्या आत पुढचंही आलं. इथे सगळं आहे, तुम्ही फार करता, पण मला कोथिंबीर हवी असली तर तुमच्या दोघांपैकी कोणाची गाडी कधी रिकामी आहे ते बघावं लागतं. सांगलीत मी पिशवी घेते आणि जाते. भाजीवालीशी भांडते. संध्याकाळी येऊन माझ्या हाताने कुलूप उघडते. "मला ते कुलूप उघडायचंय गं," आई म्हणाली, आणि रडू लागली. मग मीही रडले. पुरणपोळ्या गार झाल्या.

तिकीट कॅन्सल झालं नाही. त्यानंतर आई जाईपर्यंत मी काकांशी कामापुरतं बोलत होते. माणूस बरोबर असतो तेव्हा त्याचा राग जास्त दिवस टिकतो. काका मात्र रोज सकाळी तळ्याकाठी हजर. आईच्या बॅगांचं वजन करायला स्वतःचा काटा घेऊन आले, आणि कुठल्या बॅगेत काय जाईल ते आधीच पक्कं करू नका म्हणून माझं डोकं खाल्लं.

विमानतळावर ते आले नाहीत. सिक्युरिटीच्या रांगेआधी आईने मला जवळ घेतलं. मला वाटलं औषधांचं काही सांगेल. ती म्हणाली, "रामटेक्यांकडे लक्ष ठेव. मी गेले की त्यांचं ऐकायला कोणी नाही. त्यांना ते ठाऊक होतं गं. तरी त्यांनी विचारलं."

घरी येईपर्यंत हायवेवर माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. ज्या माणसाचा एकुलता एक श्रोता माझ्या घरी कायमचा राहणार होता, त्याने माझ्या टेबलावर बसून, माझ्या शिव्या खाऊन, तो श्रोता परत पाठवला होता. मला त्यांचा भयंकर राग आला आणि भयंकर कीवही आली. दोन्ही एकाच वेळी.

मग बरेच दिवस काका आलेच नाहीत. पायवाटेवर दिसले नाहीत. 'वीकेंडला येतो' असा फोनही नाही. एका शनिवारी, भाजी जास्त केलेली नव्हती नेमकी तेव्हा, बेल वाजली. काका दारात. हातात आमचा स्टीलचा डबा. आईने जाताना त्यात त्यांना चिवडा दिला होता. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून त्यांनी त्यात खीर आणली होती. डब्यावर आईला शिकवताना लावलेली टेपची चिठ्ठी अजून तशीच होती.

ते सोफ्याच्या कडेला बसले. मी किटली ठेवली आणि थांबले. पाऊण कप, अर्धा चमचा, आलं नको, हे आता येणार म्हणून. आलं नाही. तेव्हा मीच विचारलं, "चहा की कॉफी, काका?"

काका खिडकीबाहेर मागच्या ओट्याकडे बघत होते.

"काहीही चालेल," ते म्हणाले.

इतकी वर्षं ज्यांनी मला या एका वाक्यासाठी तहानेलं ठेवलं होतं, त्यांनी ते माझ्या घरात बसून खुशाल म्हणावं. मी हाताची घडी घातली आणि स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिले. किटली शिट्टी वाजवू लागली तरी हलले नाही. म्हटलं, बसा तुम्ही, मलाही वाट बघता येते.

बऱ्याच वेळाने काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"चहा," ते म्हणाले. "आलं घालून. ताई घालायच्या तेवढं."